बांधावरची बोर

माणसांनी सातबारे लिहायला घेतले त्याच्या कितीतरी आधी, एका बांधाच्या दोन बाजूंना उंदरांची दोन गावं होती. पलीकडची सावरी अलीकडच्या पाटलांची सून होऊन आली. कोठार भरलेलं असलं की बांधावरचं बोरीचं झाड कुणाचं, हे भांडण कुणालाच आठवत नाही, हे तिनं लवकरच हेरलं.

एका वर्षी कोठाराच्या छपराच्या भोकातून पाणी शिरलं, ज्वारी कुजली, पोरं भुकेनं रडू लागली. तसे पाटील ढेकळावर चढून गरजले, "बोर आपल्या बापजाद्यांची! उद्याच पलीकडच्यांवर चाल करू!"

सगळ्यांनी जोरात शेपट्या आपटल्या. पलीकडे सावरीचे आईबाप होते. पदर सावरत ती हळूच म्हणाली, "मामंजी, लढाईला निघणाऱ्यांना पोटभर जेवू घालायची आपली रीत ना? मग किती ज्वारी काढू?"

शेपट्या थांबल्या. सगळ्या माना कोठाराकडे वळल्या आणि तिथून पाटलांकडे.

"अहो पाटील," एक म्हातारी म्हणाली, "ते भोक कधी बुजवणार?"

पाटील खाकरले. "बोर काय, कुठं पळून जाते?" म्हणत खाली उतरले आणि चिखल कालवायला बसले. मिशा बरबटल्यावर त्यांनी सावरीला जवळ बोलावलं.

"सूनबाई, चार दिवस माहेरी जाऊन या. येताना शिदोरी तेवढी मोठी आणा."