धरणं कुणाच्या दारात?

"आजपासून आपल्या मुलखात 'कर्ज' हा शब्द कुणी उच्चारायचा नाही!" महाप्रधान सर्जेरावांनी हुकूम सोडला, आणि शिपायांनी हैबती दवंडीवाल्याला भर चौकातून उचलून कोठडीत टाकलं.

हैबतीचा गुन्हा काय? दरवर्षी सुगीनंतर तिजोरीची खरी हकीकत दवंडी पिटून सांगायची, हा तिथला जुना रिवाज. तो त्यानं पाळला. "ऐका हो ऐका! तिजोरी रिकामी आहे, आणि परमुलखाच्या सावकारांचं देणं गेल्या सालाच्या दुप्पट झालंय हो!"

सातासमुद्रापलीकडचा, पन्नास परगण्यांचा हा देश. तिथं राजा नव्हता. राजाला हाकलून दिल्याचा लोकांना केवढा अभिमान! दर चार वर्षांनी ते हात वर करून महाप्रधान निवडायचे, आणि तो सभागृहात इतरांसारख्याच खुर्चीवर बसायचा. सर्जेरावही आधी तसेच बसले. मग त्यांनी खुर्चीखाली एक फळी सरकवली. "एका फळीनं काय होतंय?" सभासद म्हणाले. मग दुसरी. "दुसरीच तर आहे!" असं करता करता आता सर्जेरावांना वर चढायला शिडी लागायची आणि वर बघून बघून सभासदांच्या माना अवघडायच्या. फळ्या अर्थातच उधारीच्या!

त्या शिडीखाली हैबतीची मुलगी भिवरा येऊन उभी राहिली.

"सरकार, माझ्या आबांना सोडा."

"सोडतो की!" वरून आवाज आला. "लोकांच्या डोक्यावर कर्ज आहे म्हणून तुझ्या बापानं बोंब ठोकली ना? मग तूच ते लोकांच्या डोक्यावरून उतरव. उद्या सूर्य मावळायच्या आत! तिजोरीतला छदाम मिळणार नाही, लोकांवर कर बसवायचा नाही. जमलं तर बाप घरी. नाही तर जन्मभर आत!"

सभासद खदखदून हसले. सरकार हसले की हसायचं, हे त्यांना आता शिकवावं लागत नव्हतं.

"करते, सरकार," भिवरा म्हणाली. "आबांचा डफ तेवढा द्या, आणि मला एक-दोन गोष्टी सांगा. ही फौज कुणाची?"

"माझी!"

"न्यायाधीश?"

"माझेच! मीच तर नेमले!"

"तिजोरी?"

"माझी!"

"आणि हा देश?"

सर्जेराव छाती फुगवून उभे राहिले. "अगं पोरी, देश म्हणजे मीच! माझ्याशिवाय देश आहे तरी कुठं?"

"वा! हे लोकांना कळायलाच हवं. दवंडी देऊ?"

"दे! गल्लोगल्ली दे!"

इकडे परमुलखाचे सावकार सभागृहाच्या पायऱ्यांवर धरणं धरून बसले होते. रिवाज असा, की वसुलीला आलेल्या सावकारानं देणेकऱ्याच्या दारात उपाशी बसायचं, आणि तो उठेपर्यंत देणेकऱ्याच्या घरात चूल पेटवायची नाही. पण सभागृहात मुळी चूलच नव्हती! सभासद मागच्या दारानं घरी जाऊन ताव मारून येत, आणि सावकार बिचारे वाळत चालले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यासमोर डफ वाजला. "ऐका हो ऐका! खुद्द महाप्रधानांचा शब्द! फौज त्यांची, न्यायाधीश त्यांचे, तिजोरी त्यांची! देश म्हणजे तेच, दुसरं कुणी नाही हो!"

म्हाताऱ्या मुख्य सावकारानं कान टवकारले. "काय गं, मग देशाचं देणं कुणाकडे मागायचं?"

"मी दवंडीवाली, काका. सांगितलं तेवढं ओरडते. पुढचं तुम्हाला माझ्याहून बरं कळतं."

सावकारांनी सतरंज्या गुंडाळल्या आणि थेट सर्जेरावांच्या दारात अंथरल्या!

त्या दिवशी तिथं मेजवानी होती, नव्या फळीची. सगळे सभासद जमले होते. जिलबीचं पीठ तयार, कढईत तूप तापलेलं. सावकार दिसताच आचाऱ्यानं चुलीत पाणी ओतलं.

"पेटव ती चूल!" सर्जेराव गरजले.

"कशी पेटवू, सरकार? रिवाज आहे."

"बोलवा माझ्या फौजेला!"

फौज आली आणि सावकारांच्या शेजारी मांडी घालून बसली. सुभेदार म्हणाला, "आमचाही सहा महिन्यांचा पगार थकलाय. तिजोरी तुमचीच ना, सरकार?"

दुपार टळली. सर्जेरावांच्या पोटात कावळे ओरडू लागले. शेवटी त्यांनी भिवराला बोलावलं.

"अगं बये, हे काय करून ठेवलंस!"

"तुम्ही सांगितलंत तेच. लोकांच्या डोक्यावर आता छदामाचं कर्ज नाही. तिजोरीला हात लावला नाही, कर बसवला नाही, आणि सूर्य अजून वर आहे. आबांना सोडा."

"कर्ज माझं नाही! देशाचं आहे!"

"पण देश म्हणजे तर तुम्हीच!"

"मी नाही! देश म्हणजे लोक! फौज, न्यायाधीश, तिजोरी, सगळं लोकांचं! दे तशी दवंडी!" बोलता बोलता सर्जेरावांचे डोळे चमकले. "आणि म्हणून कर्जही पुन्हा लोकांच्याच डोक्यावर! हरलीस की नाही?"

"हरले, सरकार," भिवरा शांतपणे म्हणाली. "पण कर्ज लोकांचं असेल, तर ते किती झालं हे लोकांना सांगणाऱ्या आबांचा गुन्हा काय? आणि लोकांचं नसेल, तर सावकार बसलेत ते अगदी योग्य दारात बसलेत. आता तुम्हीच सांगा, आबांना सोडता, की उपाशी राहता?"

हसावं की नाही, ते सभासदांना कळेना. तेवढ्यात सर्जेरावांचं पोट एवढ्या जोरात गुरगुरलं की म्हातारा सावकार फिस्सकन हसला. मग सुभेदार हसला. आणि मग खुद्द सर्जेराव पोट धरून हसत सुटले.

"सोडा त्या हैबतीला! आणि सावकारांनो, सुभेदार, तुम्ही सगळे उद्या सभागृहात या. देण्याची बोलणी होतील, सगळ्या लोकांसमोर! आता तरी जेवायला उठा!"

सावकार उठले, फौज उठली, चूल पेटली. सर्जेरावांनी खुशीत हातातलं सोन्याचं कडं काढून भिवरापुढे धरलं. "घे, तुझं बक्षीस!"

भिवरानं हात मागे घेतला. "सरकार, हे रोखीचं आहे की उधारीचं?"

सर्जेरावांनी सावकाराकडे पाहिलं. सावकार कड्याकडेच पाहत होता. सर्जेराव पुन्हा खो-खो हसले, आणि त्यांनी कडं सावकाराच्या हातावर ठेवलं. "घ्या, पहिला हप्ता! बोल पोरी, तुला काय देऊ?"

"तिजोरीची दवंडी आता दर महिन्याला होऊ द्या, सरकार. आणि आबा कालपासून उपाशी आहेत. पहिली जिलबी त्यांना वाढा."

"दिलं!" सर्जेराव म्हणाले, आणि हैबतीचं पान त्यांनी आपल्या शेजारी मांडायला लावलं.