उंबरठ्यावरचे मौन

ज्याचे नाव घेतले असता थरथरणारे मन टेकायला जागा शोधते, त्या श्रीदत्तगुरूंच्या चरणी मस्तक ठेवून, त्यांच्याच छायेत कृष्णाकाठी घडलेली ही गोष्ट सांगतो.

"ताई, उंबरठ्यावर उभ्या राहून आपण कोणते नाम घेत होता? आज तरी सांगा..."

हे विचारत होता डॉक्टर मुकुंद हसबनीस, ताईंचा शिष्य.

वेणूताई उपळेकर ओसरीवर बसून तुळशीच्या मंजिऱ्या खुडत होत्या. दृष्टी जवळजवळ गेलेली, पण बोटे चुकत नव्हती.

"आजच का रे विचारतोस?"

मुकुंद पायरीवर टेकला.

मनाच्या दुखण्याला सारा मुलूख 'बाधा' म्हणत असे, त्या काळात वेणूताई ही बाई मानसशास्त्र शिकून गावी परतली. देवळाच्या सभामंडपात खांबांना साखळदंडाने जखडलेली माणसे होती. ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली. लोकांनी उठवले, ती पुन्हा बसली. पुढे साखळ्या सुटल्या आणि घाटाच्या वर त्या माणसांसाठी 'मनोधाम' उभे राहिले. त्याच्या एकाही दाराला कडी नव्हती. आतून नाही, बाहेरूनही नाही.

रोग्याकडे जाण्याआधी ताई उंबरठ्याशी थांबत. डोळे मिटलेले, उजवा हात चौकटीवर. मग आत जात. शिष्यांनी ते पाहिले आणि उचलले. दूरदूरच्या शहरांतले डॉक्टरही रोग्याच्या दाराशी तसेच उभे राहू लागले. मुकुंदाने तर आपल्या ग्रंथात त्यावर एक सबंध प्रकरण लिहिले. मनोधामाची गादी त्याच्याकडे आली, ती त्या प्रकरणाच्या कीर्तीवरच.

"सकाळी मी धोंडिरामाच्या दाराशी उभा राहिलो," तो अखेर म्हणाला. "आपण उभ्या राहत होता तसाच..."

"मग?"

"मागे फिरलो."

धोंडिराम नावाडी होता. पुरात त्याची नाव उलटली, माणसे गेली, तो एकटा काठाला लागला. बुडालेले आपल्याला न्यायला येतात, असे त्याला वाटे. कालपासून तो कोयता घेऊन मनोधामातल्या आपल्या खोलीत बसला होता. जेवणाचे ताट घेऊन गेलेल्या नोकराच्या बाहीत कोयत्याचे टोक अडकले, तेवढ्यावर निभावले. तेव्हापासून आतून आवाज नव्हता.

"त्याचा थोरला भाऊ सखोबा अंगणात आला आहे," मुकुंद म्हणाला. "सोबत चार गडी, आणि... साखळी आहे."

मंजिऱ्या खुडणारी बोटे थांबली.

अंगणातून सखोबाचा आवाज आलाच. "डाक्टरसाहेब, सांजच्या आरतीपत्तूर मानूस भायेर आना. न्हाईतर आमी घुसतो. आमचाबी जीव तुटतोय, पर कुनाचा मुडदा पडाया नको!"

ऊन घाटाच्या पायऱ्यांवरून उतरू लागले होते.

"ताई, ते नाम मला द्या," मुकुंद काकुळतीला आला. "माझ्या आत काहीच नाही. तिथे उभा राहिलो आणि छाती नुसती धडधडत राहिली. मी लबाड आहे, ताई. जगाला शिकवले ते मला स्वतःला जमत नाही."

"त्या प्रकरणात काय लिहिलंयस?"

"चित्ताची निश्चल अवस्था... भयाचा पूर्ण लय..."

"अरे देवा! तू वाचून दाखवलंस तेव्हाच ऐकायला हवं होतं. डोळा लागला होता माझा."

त्यांनी हात पुढे केला. "उठव मला."

दोघे ओवरीने चालत निघाले. ताईंचे पाऊल अडखळत होते, मुकुंदाचे त्याहून अधिक. शेवटची खोली आली. दार नुसते लोटलेले होते. फटीतून अंधार दिसत होता आणि अंधारात कुणाचा तरी भराभर चाललेला श्वास ऐकू येत होता.

मुकुंद दोन पावले अलीकडेच थांबला.

ताईंनी चाचपडत चौकट शोधली. "इथे बघ."

त्यांच्या खांद्याच्या उंचीवर, सागवानी लाकडात ओरखडे होते. खोल, एकावर एक, वर्षानुवर्षांचे. मुकुंदाने ते कितीदा तरी पाहिले होते.

"रोग्यांचे आहेत," तो कुजबुजला. "नव्या डॉक्टरांना मी दाखवतो..."

"रोगी कुठे असतो?"

"आत."

"आणि हे?"

मुकुंद चौकटीकडे झुकला. ओरखडे दाराच्या बाहेरच्या अंगाला होते.

ताईंनी आपली बोटे लाकडावर ठेवली. एकेक नख एकेका खाचेत अलगद बसले.



"म्हणजे... आपणही?"

"घशातून शब्द निघत नसे रे. नाम कुठलं घेणार! हे लाकूड धरलं नसतं तर घाटाकडे पळत सुटले असते."

"मग ती भीती गेली केव्हा?"

"गेली, असं कोणी सांगितलं तुला?"

मुकुंदाने त्यांच्या मनगटाला हात लावला. त्या वृद्ध देहातली नाडी पाखरासारखी फडफडत होती.

देवळात सांजआरतीची घंटा झाली. अंगणात साखळी खळखळली. सखोबाची माणसे उठली होती.

आतला श्वास एकदम थांबला. लोखंड फरशीवर घासल्याचा आवाज आला. मग कालपासून न बोललेला घोगरा स्वर कापत कापत उमटला.

"कोन हाय?... कोन हाय तिथं?"

मुकुंदाचा हात चौकटीवर गेला. नखे लाकडात रुतली. त्याने ताईंकडे पाहिले. त्याचे सारे प्रकरण, सारी कीर्ती त्या क्षणी त्याला एक शब्दही पुरवीना.

"काय सांगू, ताई?"

"खरं ते सांग. म्हणावं, तुझ्यासारखाच एक भ्यालेला आलाय... जवळ बसू का?"

ऐकणाऱ्यांचे कल्याण असो. आणि ज्या ज्या घरात आज कुणी अंधारात श्वास रोखून बसले असेल, त्या त्या घरी दत्तगुरू कुणा माणसाच्या पावलांनी जावोत.