मंगळवारचा ओटा

मैदानाच्या मधोमध हा एकच दगडी ओटा दिसतो ना, त्याला मंगळवारचा ओटा म्हणतात. एरवी पोरं त्याच्यावर चढतात, उड्या मारतात. पण मंगळवारी त्यावर कोणी बसत नाही. तुम्ही मंडळी ती बंद पडलेली धर्मशाळा साफ करून तिथं वाचनालय काढायला आलात, देव तुमचं भलं करो. पण भिंतीला टेप लावण्याआधी एवढं ऐकून घ्या. माझ्या सासूबाईंनी मला सांगितलं, तसंच सांगते.

फार पूर्वी इथं दर मंगळवारी बाजार भरायचा. तीस-चाळीस ओटे होते म्हणे. मग मोठा दुष्काळ पडला, बाजार उठून नदीपलीकडच्या गावाला गेला आणि ही जागा ओस पडली. बाभळी माजल्या.

दोन कोसांवरच्या वाडीत येसू नावाची कासारीण राहायची. तिची एकुलती लेक सगुणा, त्याच दुष्काळात नवऱ्याबरोबर गुरं घेऊन खालच्या मुलखात निघाली. येसू तिला चुडा भरायला लागली, तर ती म्हणाली, "आता नको गं आये, वाटेत फुटतील. परत आले की मंगळवारी तुझ्याच ओट्यावर बसून कोपरापर्यंत भरून घेईन."

येसूनं देवीला शब्द दिला. लेकीचा हात भरेपर्यंत एकही मंगळवार चुकवायचा नाही. बाजार गेला तरी ती येत राहिली. सकाळी यायची, आपला तेवढा ओटा झाडायची, हिरव्या बांगड्यांची माळ पुढ्यात ठेवून बसायची आणि दिवेलागणीला उठायची. अशी सात वर्षं बसली, असं सांगतात.

गावात तेव्हा तालमीतली पंधरा-वीस पोरं होती. बयाजी त्यांचा म्होरक्या. ही जागा गावाच्या उपयोगी आणायची असं त्यांनी मनावर घेतलं. आधी चावडीवर जाऊन रीतसर विचारलं, "तिथं कोणी बसतं का?" म्हातारे हसले. "कोण बसतंय तिथं? सरडे!" त्यांचंही खोटं नव्हतं. मंगळवारी गावातले सगळे पुरुष नदीपलीकडच्या बाजाराला जात. त्यांनी येसूला कधी पाहिलंच नव्हतं. पाणवठ्यावरच्या बायका रोज इथूनच जात, त्यांना ठाऊक होतं. पण त्यांना कोणी विचारलं नाही. आणि पोरं एवढी राबतायत, कशाला मोडता घाला, म्हणून बायकाही गप्प राहिल्या. हेही सांगायला हवं.

घरटी एक पाटी माती आणि एक दिवसाची मेहनत, अशी पोरांची युक्ती. कोणी टाळाटाळ केली की बयाजी दारात उभा. "आबा, पाटी भरत नसेल तर मिशा काढून टाका, तेवढीच भर!" बुधवारी कुदळ पडली, सोमवारी काम संपलं. बाभळी गेल्या, जमीन सपाट झाली, ओट्यांच्या दगडांतून एक ऐसपैस चौथरा उभा राहिला. मंगळवारी जमिनीला लोखंड लावायचं नाही, ही पाळणूक पोरांनी भक्तीनं पाळली. सहा दिवसांतच उरकायचं म्हणून जीव टाकून राबली. देवाचा दिवस पाळला, आणि नेमकं तिथंच चुकलं.

मंगळवारी येसू आली. चौथऱ्यावर नारळ फुटत होता.

"ये आजी, खोबरं घे. जागा कशी झालीय?" बयाजीनं विचारलं.

"देखणी झाली रे लेकरा. इथं माझा ओटा होता."

"तुझा? इथं तर कोणी बसत नव्हतं."

"बरं," असं म्हणून तिनं माळ खांद्यावर टाकली, हातात दिलेलं खोबरं कपाळाला लावलं आणि ती निघून गेली.

पाचव्या मंगळवारी एक बाई आली, कडेवर मूल. येसूबाईचा ओटा कुठला, विचारू लागली. बयाजीला ती माळवाली आजी आठवली. तो धावत वाडीला गेला. झोपडीला कडी होती. शेजारीण म्हणाली, "ती महिन्यामागंच गेली. म्हणाली, वाट बघायला जागा राहिली नाही, आता लेकीच्या वाटेला मीच लागते."

ते ऐकून सगुणा आल्या पावली आईच्या मागं खालच्या मुलखात फिरली, आणि मायलेकी एकाच मुलखात एकमेकींना शोधत राहिल्या. पोरं वर्षभर हिंडली. भेट झाली की नाही, कोणालाच ठाऊक नाही. झाली असेल, असं आपण म्हणावं.

पोरांनी स्वतःच्या हातानं चौथरा फोडून दगड बाहेर काढले. ओटा नेमका कुठं होता, ते मात्र बायकांनाच विचारावं लागलं. त्यांनी वीतभरही न चुकता जागा दाखवली. तेव्हा बोलल्या.

आजही माहेरी आलेली लेक मंगळवारी या ओट्याजवळ उभी राहून बांगड्या भरते आणि एक हिरवी बांगडी ओट्यावर ठेवते. मी इथली सून, तरी मीही ठेवते. आणि आजही आमच्या गावात ओस जागेला हात लावण्याआधी पोरं पाणवठ्यावर येऊन बायकांना विचारतात, "इथं कोणी बसतं का?"

बायका लगेच उत्तर देत नाहीत. म्हणतात, "मंगळवार होऊ द्या."

आज बुधवार आहे, बाळांनो. चहा घ्या.