शेवटची चार पानं

एका गावात एक कपार होती आणि सगळं गाव तिला टरकून होतं. गावामागच्या डोंगराच्या पोटात ती आडवी उघडायची. आत अंधार, आणि अंधाराच्या तळाशी पाणी. ते पाणी किती खोल आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण बघायला कुणी गेलंच नव्हतं. वारा सुटला की आतून कुणी कण्हल्यासारखा आवाज यायचा. मग गुराखी गुरं वळवायचे आणि आया दारं लावून घ्यायच्या. त्या कपारीचं नाव काढायचं नाही, तिच्याकडे बोट दाखवायचं नाही, आणि आत काय आहे असं तर मुळीच विचारायचं नाही, असं त्या गावाचं शहाणपण होतं. मला विचाराल तर, ज्या गोष्टीबद्दल बोलायचं नाही असं ठरतं, तिची भीती रोज वीतभर वाढते.

एरवी गाव चांगलं होतं. तिथल्या मुलांना वाचनाचा नाद होता, पण पुस्तकं मोजकीच. म्हणून शाळेच्या गुरुजींनी एक पद्धत पाडली होती. दर चैत्रात सगळी मुलं आपापलं सर्वांत आवडतं पुस्तक घेऊन शाळेपुढच्या पिंपळाखाली जमत. चिठ्ठ्या निघत, आणि ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्याला ते पुस्तक वर्षभरासाठी द्यायचं. नियम दोनच. पहिला, नावडतं पुस्तक आणायचं नाही. देताना जीव थोडा तरी कासावीस झाला पाहिजे. दुसरा, वाचणाऱ्याला पुढची गोष्ट सांगायची नाही. "ज्याचा शेवट त्याने गाठावा," असं गुरुजी म्हणत.

कुंभाराची मुलगी गोदू नऊ वर्षांची होती. तिच्याकडे निळ्या पुठ्ठ्याचं एक पुस्तक होतं आणि त्या पुस्तकात तिचा जीव अडकला होता. त्यात एका मुलीची गोष्ट होती. त्या मुलीची आई हरवते. मुलगी तिला शोधत शोधत एका गुहेपाशी येते आणि हाक मारते, तर आतून आईचा आवाज येतो. मुलगी आत शिरते, पुढे जाते, आणखी पुढे जाते. मग यायची शेवटची चार पानं. ती गोदूला इतकी आवडायची की एकेका ओळीवर बोट ठेवून ती वाचायची, आणि वाचून झालं की पुस्तक पोटाशी धरून बसायची.

चैत्र जवळ आला तशी तिची झोप उडाली. पुस्तक द्यायचं म्हणजे कुणीतरी तेलकट बोटांनी ती पानं उलटणार! कुणीतरी तिच्या त्या ओळी वाचणार आणि म्हणणार, "हे मला पण आवडलं." नको, नको. नियम मोडायची हिंमत नव्हती आणि पुस्तक सोडायची तयारी नव्हती. तेव्हा तिने काय केलं, तर शिवण हलकेच उसवली, शेवटची चार पानं काढून घेतली आणि माळ्यावरच्या एका फुटक्या रांजणात लपवली. पुस्तक दिल्यासारखं झालं, आणि पुस्तकाचा जीव घरातच राहिला. स्वतःच्या हुशारीवर पोर बेहद्द खूश झाली.

चिठ्ठी निघाली ती बकूच्या नावाची.

बकू म्हणजे माळ्याची धाकटी, सात वर्षांची. गेल्या दिवाळीआधी तिची आई तापाने गेली होती. तेव्हापासून ती फार बोलत नसे. पुस्तक हातात घेऊन ती हसली, आणि गुरुजी शेजारच्या मास्तरांना म्हणाले, "सहा महिन्यांनी हसली बघा पोर."

आठ दिवसांनी बकू कुंभारवाड्यात आली. गोदू अंगणात माती मळत होती.

"गोदूताई, यात शेवट नाही गं. ती मुलगी आत जाते, आई हाक मारते, आणि मग पुठ्ठाच येतो."

गोदूने मान वर केली नाही. "असेल तसंच."

"मग आई भेटते का तिला? एवढंच सांग. बाकी काही नको."

आता इथे खरं बोलायला किती वेळ लागला असता? माळ्यावर जाऊन यायला लागतो तेवढाच. पण गोदूला वाटलं, पानं दिली तर ही गावभर सांगणार. गुरुजींना कळणार. सगळ्यांसमोर आपण चोर ठरणार. म्हणून ती म्हणाली, "पुढचं सांगायचं नाही असा नियम आहे. तुला ठाऊक नाही का?"

"ठाऊक आहे," बकू म्हणाली आणि पुस्तक घेऊन निघून गेली. नियमाच्या आड लपता येतं हे गोदूला त्या दिवशी कळलं. ते कळायला नको होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी माळी धावत चावडीवर आला. त्याचा आवाज चिरकत होता. "माझी बकू कुठं दिसली का? सकाळपासून घरात न्हाई. भाकरीबी तशीच झाकलेली हाय."

गाव उठलं. कुणी ओढ्याकडे पळालं, कुणी मळ्यात गेलं. मग चार माणसं विहिरीवर गेली आणि त्यांनी दोराला गळ बांधून पाण्यात सोडले. गळ विहिरीत का सोडतात हे लहान मुलांनाही समजतं. बायकांनी तोंडाला पदर लावला. माळी काठावर बसला होता. दर वेळी दोर वर आला की तो डोळे मिटून घ्यायचा, आणि गळाला काही नाही असं कुणी म्हटलं की उघडायचा.

गोदू गर्दीत उभी होती. बकू कुठे आहे हे तिला माहीत होतं. गावात कुणालाच माहीत नव्हतं, एकट्या तिला माहीत होतं. पुस्तकातली मुलगी जिथे गेली, तिथेच ही गेली असणार, कपारीत, आईला हाक मारायला.

ती घरी पळाली आणि माळ्यावरून पानं काढली. अंगणात बापाने मडकी भाजायचा आवा पेटवला होता. लाल धग बाहेर येत होती. गोदू पानं घेऊन आव्यासमोर उभी राहिली. आत टाकली की संपलं. चिमूटभर राख, आणि पानं होती की नव्हती हे कुणालाही कळणार नाही. बकूचं काय, वाट चुकून कपारीत गेली असं लोक म्हणतील. कुणी गोदूचं नाव घेणार नाही.

खोटं कशाला सांगू, तिने हात पुढे केला होता. धगीने कागदाची कड पिवळी पडायला लागली. तेवढ्यात विहिरीकडून माळ्याचा आवाज आला. तो रडत नव्हता, नुसतं विचारत होता, "हाय का? हाय का?" गोदूने हात मागे घेतला आणि विहिरीकडे धूम ठोकली.

"बकू विहिरीत नाही!" ती ओरडली. "ती कपारीत आहे. माझ्यामुळे गेली. मी पुस्तकाचा शेवट काढून ठेवला."

गुरुजींनी तिच्या हातातली पानं पाहिली, मग तिच्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं असं गोदूला वाटलं. माळी तेवढ्यात डोंगराकडे धावू लागला होता, आणि कपारीचं नावही न घेणारं सगळं गाव त्याच्यामागे निघालं.

उन्हं कलताना माणसं कपारीपाशी पोचली. तोंडाशी बकूच्या चपला नीट शेजारी शेजारी काढून ठेवल्या होत्या. जवळच निळं पुस्तक होतं. माळ्याने ते पाहिलं आणि जीव खाऊन हाक मारली, "बकूऽऽ!"

आणि आतून आवाज आला, "बकूऽऽ... बकू..."

भारी, ओला, लांबचा आवाज. माणसं चार पावलं मागे सरली. कुणीतरी देवाचं नाव घेतलं. मग अगदी आतून, खूप खालून, एक बारीक आवाज आला. तो मात्र बकूचा होता.

"आले गं आई. आले."

आणि पाण्यात खडा पडल्याचा आवाज आला.

माळी पुन्हा ओरडणार, तोच गोदूने त्याचा हात धरला. "काका, हाक मारू नका! आपण हाक मारली की कपार तीच हाक परत देते. बकूला वाटतं आई बोलावतेय. आपण जेवढं ओरडू तेवढी ती आत जाईल."

"तुला कसं कळलं?" गुरुजींनी विचारलं.

"इथे लिहिलंय," गोदू म्हणाली आणि पानं पुढे केली.

माळी आत शिरायला वाकला, पण दहा हातांवर कपार इतकी निमुळती झाली होती की त्याचे खांदे अडकले. त्याला पाय धरून मागे ओढावं लागलं. त्याचा दंड रक्ताने भरला होता. मग सगळ्यांनी गोदूकडे पाहिलं. तिला जा असं कुणी म्हणालं नाही. तिची आई तर तोंडावर हात ठेवून उभी होती. गोदूला आत जायचं नव्हतं, अजिबात जायचं नव्हतं. पण तिने विहिरीवरून आणलेला दोर कमरेला बांधून घेतला, एका हातात कंदील घेतला, दुसऱ्या हातात पानं, आणि ती गुडघ्यांवर रांगत आत गेली.

आतला गारवा अंगाला चिकटत होता. कंदिलाच्या उजेडात भिंती हलल्यासारख्या वाटत. तिचाच श्वास तिला चारी बाजूंनी ऐकू येत होता, जणू तिथे आणखी कुणी बसलं आहे. दोनदा तिला परत फिरावंसं वाटलं. दोर तीनदा ओढला की तिला बाहेर खेचणार होते. तिसऱ्यांदा दोराला हात घातला, तेव्हा पुढे काहीतरी पांढरं दिसलं. बकूचा फ्रॉक.

बकू एका ओल्या दगडावर उभी होती. तिच्या पायाशी काळं पाणी होतं. एक पाऊल पाण्यात गेलेलं होतं, दुसरं दगडावर होतं.

"हलू नकोस," गोदू अगदी हळू म्हणाली.

"गप्प ना गोदूताई. आई हाक मारत होती. आता थांबली. तुझ्यामुळे थांबली."

गोदूला वाटलं, हात धरून ओढावं. पण ओढाओढीत दोघी पाण्यात गेल्या असत्या. तिने कंदील खाली ठेवला. "मी तुझा शेवट आणलाय. माझ्याकडेच होता. मी खोटं बोलले. वाचू?"

बकूने मान डोलावली, पण पाय मागे घेतला नाही. गोदू कुजबुजत्या आवाजात वाचू लागली. पुस्तकातल्या मुलीलाही पुढे पाणी लागतं. तिला शंका येते. ती आवाजाला म्हणते, "आई, लोणच्याची बरणी मीच फोडली. मांजराने नाही." आवाज म्हणतो, "मांजराने नाही." मुलगी वाट बघते. आवाज रागावत नाही, हसत नाही, लागलं का असंही विचारत नाही. तेव्हा मुलीला कळतं.

बकूने गोदूकडे पाहिलं. मग तिने अंधाराकडे तोंड केलं आणि मोठ्याने म्हणाली, "आई, मी सकाळपासून जेवले नाही."

"जेवले नाही... नाही..." आवाज आला.

बकू थांबली. बराच वेळ थांबली. पाणी दगडावर चुबुक चुबुक वाजत होतं. तिचा चेहरा हळूहळू वेडावाकडा झाला.

"ही आई नाही," ती म्हणाली. "आई असती तर ओरडली असती मला."

आणि तिने पाय पाण्यातून काढून घेतला. गोदूने तिला घट्ट धरलं. दोघी त्या दगडावर बसून रडल्या आणि कपारही त्यांच्याबरोबर रडत राहिली. पण आता तिची भीती वाटत नव्हती. थोड्या वेळाने बकूने नाक पुसलं आणि विचारलं, "मग ती मुलगी काय करते?"

"बाहेर येते," गोदू म्हणाली. "बाहेर तिचे बाबा उभे असतात."

मग गोदूने दोर तीनदा ओढला.

माळ्याने लेकीला छातीशी धरलं. तो एवढंच म्हणाला, "चल, जेवून घे." गुरुजींनी त्याच दिवशी आपला दुसरा नियम बदलला. पुढची गोष्ट सांगायची नाही हे खरं, पण विचारणाऱ्याचा जीव घाबरा झाला असेल तर सगळं सांगायचं, असा नवा नियम झाला. गोदूला त्यांनी शिक्षा केली नाही. तिने स्वतःच सुईदोरा घेतला, पानं पुन्हा शिवली आणि पुस्तक बकूच्या घरी नेऊन दिलं. एका कडेला पिवळा डाग होता, तो तसाच राहिला.

चार दिवसांनी बकू पुस्तक घेऊन परत आली. गोदूला वाटलं, ही आता तोंडावर फेकणार. बकू तिच्याजवळ ओट्यावर बसली आणि तिने पुस्तक उघडून गोदूच्या मांडीवर ठेवलं.

"मला एकटीला शेवट वाचवत नाही," ती म्हणाली. "तू वाच. मी रडले तरी थांबू नकोस."

गोदूने वाचायला सुरुवात केली. बरणीच्या ओळीपाशी बकू रडली. गोदू थांबली नाही.

तात्पर्य, मुलांनो, एवढंच: आवडतं पुस्तक द्याल तर अख्खं द्या, आणि जमलं तर वाचणाऱ्याच्या शेजारी बसा.