किरणं अडवणारी टिकली

"किरणांपासून सावध राहा," असं रिक्षावरच्या भोंग्यातून ओरडलेलं मी अकलूजच्या एसटी स्टँडवर ऐकलं, त्याला आता बरीच वर्षं झाली.

स्टँडवरच्या मालनबाईंच्या रसवंतीत तेव्हा बिनवायरीचं चार्जिंग नवीनच आलं होतं. चकतीवर मोबाईल ठेवायचा आणि निवांत रस प्यायचा. त्यामुळं बिचारीचं गिऱ्हाईक वाढलं होतं. तेवढ्यात त्या भोंग्याच्या रिक्षातून हे कोलते डॉक्टर आले. कशाचे डॉक्टर, ते कुणी विचारलं नाही. त्यांनी रसवंतीसमोरच टेबल मांडलं.

"या चकतीतून जे मोबाईलमध्ये जातं ना, त्या किरणांनी रक्त नासतं. आमची टिकली मोबाईलच्या पाठीला चिकटवा, एक किरण पलीकडं जाणार नाही."

लोक टिकल्या घेऊ लागले आणि रसवंती ओस पडली. दुपारी मालनबाई पदराला हात पुसत टेबलापाशी गेल्या.

"डॉक्टर, तुमच्या मोबाईलला टिकली आहे?"

"दोन आहेत."

"बघू बरं."

बाई घाबरून टिकली घेणार, असं समजून डॉक्टरांनी आपला भारीतला मोबाईल ऐटीत दिला. बाईंनी तो सगळ्यांदेखत चकतीवर ठेवला. मोबाईल लगेच चार्ज होऊ लागला.

"तुमच्या दोन टिकल्यांनी किरणं अडवली, मग हा चार्ज कशानं होतोय? आणि अडवत नसतील, तर एक द्या, म्हशीच्या कपाळाला लावते. तिला तरी शोभेल."

लोक हसले. डॉक्टरांनी मोबाईलला हात घातला.

"राहू द्या की जरा," मालनबाई म्हणाल्या. "तोवर रस घ्या."

डॉक्टरांनी मोबाईल खिशात घातला आणि ते रिक्षाकडं चालू लागले.