ओनोरीनचा डावा हात

ग्रीव बेटावर लोक येतात ते कासवांचा किनारा पाहायला, रानातल्या धबधब्याखाली भिजायला आणि शनिवारी बंदराच्या गल्लीत ढोलावर नाचायला. पण बेनवा आजोबांना वाटाड्या म्हणून घेतलेत, तर नाचाच्या आधी, उन्हे कलायच्या सुमारास, ही टेकडी चढावीच लागते. त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर. वर पोचेपर्यंत ते बोलत नाहीत आणि कुणाला बोलू देत नाहीत.

वर काळ्या दगडाचा एक गोल बुरूज आहे. ही जुनी पवनचक्की. तिची शिडे गेली, छप्पर गेले. आत गंजून लाल झालेला उसाचा चरक तेवढा उभा आहे. माणसाच्या छातीएवढ्या उंच, एकमेकींना भिडलेल्या तीन लोखंडी लाटा, म्हणजे ऊस चिरडणारे रूळ.

एकदा पाहुण्यांत वारणाकाठच्या शैलजा मगदूम नावाच्या बाई होत्या. चरक पाहून त्यांना घरचे कुणी भेटल्यासारखे झाले. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे गुऱ्हाळात असाच असतो. लहानपणी रस प्यायला आम्ही तिथंच पडलेल्या असायचो."

"शेजारी कुऱ्हाड टांगलेली असायची?" आजोबांनी विचारले.

"कुऱ्हाड? ती कशाला?"

आजोबा उंबऱ्याच्या दगडावर बसले आणि त्यांनी ही हकिगत सांगितली.

गुलामगिरीचा काळ होता. या टेकडीभोवतीचा सगळा ऊस एका मळेवाल्याचा आणि तो तोडणारी, गाळणारी, कढवणारी दोनशे माणसेही त्याचीच. तोडलेला ऊस एका दिवसात गाळला नाही तर आंबतो. म्हणून हंगामात चरक थांबत नसे. समोरून बायका कांड्या सारत आणि मागून चिपाड निघे. डोळा लागला, हात एक वीत पुढे गेला, की बोटे लाटांत जात. बोटांमागे हात, हातामागे माणूस. वाऱ्यावर फिरणारी चक्की लगेच थांबवता येत नाही. म्हणून चरकाशेजारी भिंतीला एक कुऱ्हाड टांगलेली असे आणि तिच्याजवळ एक धट्टाकट्टा माणूस उभा केलेला असे. त्याचे काम एकच. अडकलेला हात तोडायचा, म्हणजे माणूस वाचतो.

एका वर्षी कुऱ्हाडीवर सिप्रियन नावाचा तरुण होता. चरकावर कांड्या सारायला ओनोरीन होती, सव्वीस वर्षांची, अंगाने काटक, बोलायला कमी. तिच्या जोडीला तिची धाकटी बहीण रोझ. रोझचे आणि सिप्रियनचे जमलेले होते. हंगाम संपला की दोघे एका झोपडीत राहणार, हे सगळ्या मळ्याला ठाऊक होते.

मुकादमाचे नाव गार्नो. शेजारच्या बेटावर गुलामांनी बंड केल्याची बातमी आली आणि या गार्नोची झोप उडाली. त्याने मळ्यातले कोयते मोजून घेतले आणि संध्याकाळी कोंडून ठेवायला लावले. मग चरकाजवळची कुऱ्हाडही काढून नेली.

ओनोरीन त्याला म्हणाली, "मालक, कुऱ्हाडीवाचून चरक चालवू नका."

"तुम्ही जाग्या राहिलात तर कुऱ्हाड लागते कशाला?" गार्नो म्हणाला.

दोन दिवस दोघी बहिणी चरकावरून हलल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी, चांगले लख्ख ऊन असताना, रोझ उभ्या उभ्या पेंगली. ओनोरीनला प्रथम ऐकू आला तो चरकाचा बदललेला आवाज. तिने वळून पाहिले तेव्हा रोझचा हात मनगटापर्यंत आत गेला होता. तिने बहिणीला कमरेला धरून मागे ओढले. सिप्रियनचा हात सवयीने भिंतीकडे गेला. भिंतीवर नुसती खुंटी होती. त्याने लाटेला खांदा लावला, पाय रोवले, पण वाऱ्यापुढे त्याचे काय चालणार? रोझ ओरडत होती. मग तिचे ओरडणे थांबले आणि ओनोरीनच्या हातात तिच्या झग्याची फाटकी कमर तेवढी राहिली. खाली पन्हळीत रस येत होता तो लाल होता, असे सांगतात.

गार्नो धावत आला. त्याचे पहिले शब्द होते, "काहिलीकडे जाणारी पन्हळ बंद करा. पाक नासेल."

दुसऱ्या दिवशी मळेवाल्याने गार्नोला सगळ्यांदेखत शिव्या दिल्या. अर्धा दिवस काम बंद पडले म्हणून. कुऱ्हाड परत खुंटीवर आली. सिप्रियनला परत तिच्याजवळ उभे केले आणि ओनोरीनला परत चरकावर. रोझच्या जागी दुसरी बाई आली.

ओनोरीन रडली नाही म्हणे. ती कांड्या सारत राहिली आणि गार्नो कुठे उभा राहतो ते पाहत राहिली. तो रोज दुपारी यायचा. चरक तुंबला असे त्याला वाटले की पुढे वाकून बोट दाखवायचा, इथे सार, तिथे सार. सिप्रियनशी ती एक शब्द बोलत नव्हती. पोटातले कुणाला सांगितले तर ते डोळ्यांत दिसेल, अशी तिला भीती होती. सिप्रियनला वाटे, बहीण वाचवली नाही म्हणून ही आपल्याला माफ करत नाही.

नवव्या दिवशी दुपारी वारा जोरावर होता. ओनोरीनने मुद्दाम मोठी मोळी सारली. चरक करकरला.

"आंधळी आहेस का?" गार्नो पुढे झाला. "हे बघ, इथं..."

त्याने बोट पुढे केले आणि ओनोरीनने डाव्या हाताने त्याचे उजवे मनगट पकडले. जितके बळ होते तितके एकवटून तिने दोन्ही हात उसाबरोबर आत लोटले.

दोघे एकदमच ओरडले.

"सिप्रियन, माझा!" ओनोरीन म्हणाली. "माझा हात तोड!"

"माझा आधी!" गार्नो किंचाळला. "तोड, तोड! तुला मोकळा करतो! देवाची शपथ!"

कुऱ्हाड सिप्रियनच्या हातात आली होती. दोन हात एकमेकांत गुंतून कोपरापर्यंत आत गेले होते, एक काळा आणि एक गोरा. त्याला एका श्वासाएवढा वेळ होता. त्याने ओनोरीनकडे पाहिले. तिने डोळे मिटले नव्हते. एका घावात त्याने तिचा हात कोपराच्या वर तोडला आणि ती मागे कोसळली.

मग सिप्रियनने कुऱ्हाड पुसली आणि खुंटीवर परत टांगली.

गार्नो खांद्यापर्यंत गेला, मग गळ्यापर्यंत. तो काय काय ओरडत होता ते कुणी सांगत नाही. चक्कीत तीस माणसे होती. एकही जागचा हलला नाही.

सिप्रियनने ओनोरीनला उचलून काहिलीपाशी नेले. तिथली तांब्याची पळी विस्तवात लाल होईतो धरली आणि तिच्या थोट्या दंडावर दाबली. त्या वासाने तो ओकला, पण पळी त्याने सोडली नाही. तोवर बाहेर कुणीतरी चुलीतले निखारे चिपाडाच्या ढिगावर टाकले होते. चक्कीचे छप्पर पेटले, शिडे पेटली, उतारावरचा ऊस पेटला. त्या धुरातून साठ माणसे वरच्या रानात पळाली.

सैनिक दोनदा वर आले. पहिल्या वेळी त्यांनी पाठलागात सापडलेल्या अकरा जणांना वाटेवरच्या झाडांना टांगले. दुसऱ्या वेळी धबधब्याच्या खिंडीत वरून दगड लोटले गेले आणि आलेल्यांपैकी परत गेले ते चौघे. तेव्हा दगड कधी लोटायचे ती हाक ओनोरीनने दिली होती, असे सांगतात. त्यानंतर कुणी वर आले नाही.

रानात वस्ती उभी राहिली. सिप्रियन ओनोरीनच्या झोपडीला लाकूड आणून टाके, तिची रताळी लावून देई, पण तिच्यासमोर उभा राहत नसे. ती दिसली की वाट बदलायचा. असे एक वर्ष गेले.

पहिले पीक निघाले त्या संध्याकाळी कुणीतरी दारूच्या पिंपावर बकऱ्याचे कातडे ताणून ढोल केला. खाली मळ्यात ढोलाला बंदी होती. आता ढोल वाजत होता तरी कुणाचे पाय उचलत नव्हते. रिंगणात यायचे म्हणजे कुणाचा तरी हात धरायचा आणि प्रत्येकाचे कुणी ना कुणी झाडाला टांगलेले होते.

ओनोरीन उठली आणि सरळ सिप्रियनपुढे जाऊन उभी राहिली. तिने उजवा हात पुढे केला.

"मला नाचता येणार नाही," तो मान खाली घालून म्हणाला. "या हातांनी मी तुला..."

"दोन घाव घालता आले असते तुला," ती म्हणाली. "तू एकच घातलास. एवढंच मी वर्षभर तुला सांगायला बघतेय आणि तू पळतोस."

सिप्रियन ढसाढसा रडला. मग त्याने तिचा उजवा हात आपल्या उजव्या हातात घेतला आणि आपला डावा हात पाठीमागे नेऊन कमरेच्या पट्ट्यात खोचला. दोघे नाचू लागले. मग एकेक जण रिंगणात आला आणि येताना प्रत्येकाने डावा हात मागे बांधला.

त्या दोघांचे लग्न झाले, असे काही जण सांगतात. आजोबांच्या घरी मात्र सांगत की झाले नाही. शेवटपर्यंत त्यांच्या झोपड्या शेजारी शेजारी होत्या एवढेच.

आजोबा उठले.

आजही ग्रीवमध्ये शनिवारचा नाच एका हाताने नाचतात. परके लोक दोन्ही हात वर करून उड्या मारतात. त्यांना कुणी हटकत नाही. पण रिंगणात आधी प्रेमातली जोडी उतरत नाही. ज्यांचे बोलणे तुटलेले आहे असे दोघे उतरतात आणि तोवर बाकीचे काठावर थांबतात. शैलजाबाई नाच पाहायला गेल्या त्या शनिवारी दोन सख्खे भाऊ उतरले, कोळी होते. एका होडीच्या भांडणावरून दीड वर्ष त्यांनी एकमेकांचे तोंड पाहिले नव्हते. ढोल सुरू झाला तरी ते बराच वेळ समोरासमोर नुसते उभे होते. काठावर कुणी हसले नाही, कुणी घाई केली नाही. मग धाकट्याने डावा हात पाठीमागे नेला.