कारळवनाचं बारसं

एक होता राजा, गजसेन, आणि त्याला स्वतःच्या नावाचं भारी कौतुक. पांघरूण घ्या नीट, चुळबूळ नको.

त्याच्या मुलखाचं नाव कारळवन. फार पूर्वी दुष्काळातून माणसं चालत चालत तिथं आली, तेव्हा त्यांच्या पदरात मूठभर कारळे तेवढे उरले होते. तेच पेरले. मग सगळा माळ फुलांनी पिवळाधमक झाला आणि माणसं तिथंच राहिली.

राजा म्हणाला, "कारळ्यांवरून कुठं राज्याचं नाव असतं? आजपासून हा गजसेनदेश." मग त्यानं वेशीवरचा दगड बदलला. लोक गप्प. मग कागद बदलले. लोक गप्प. मग दवंडी पिटली, जो जुनं नाव घेईल तो मुलखाबाहेर. तरी गप्पच. पण नवं नाव काही कुणी तोंडात घेईना. बाजारात तेली म्हणायचा, "घ्या, आपल्याकडचंच तेल आहे," आणि गालात हसायचा. लबाड होते बरं का.

मग राणीला मुलगी झाली. बारसं ठरलं. तिथली रीत अशी, की आत्यानं बाळाच्या कानात आधी मुलखाचं नाव सांगायचं, मग बाळाचं. मुलखाचं राहिलं, तर ते लेकरू जन्मभर पाहुणं. आत्या म्हणजे राजाची धाकटी बहीण, गोजिराबाई. मायाळू, पण हट्टी, आपल्या या धाकटीसारखी.

राजा पाळण्याशी उभा राहिला. म्हणाला, "गोजिरा, नवं नाव सांग. नाहीतर तुलाही जावं लागेल."

माहेर सुटणार म्हणून तिला रडू आलं. पण तिनं बाळाकडं बघितलं आणि साऱ्या राजवाड्याला ऐकू जाईल असं म्हटलं, "कारळवन. आणि तुझं नाव केतकी."

शिपाई पुढं झाले. तशी राणी वाकली आणि बाळाच्या कानात म्हणाली, "कारळवन." मग सुईण म्हणाली. मग कुंभारीण, तेलीण, एकेक करत बायांची रांगच लागली. शिपायांना कळेना, धरायचं कुणाला. त्यांच्या आयाही रांगेत होत्या.

राजाला वाटलं, बहीण जाणार, राणी जाणार, सारं गाव जाणार, मग मी राज्य कुणावर करू? मग तो स्वतः वाकला, लेकीच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाला, "कारळवन." मग शिपायांना म्हणाला, "आता मलाही काढा बाहेर."

कोण काढतंय त्याला. बारशाला आत्याच्या पाठीत धपाटे घालतात ना, तसे बायांनी राजाच्याच पाठीत घातले, आणि तो हसत उभा राहिला. नगारे वाजले, दवंडी मागं घेतली, वेशीवर जुना दगड परत उभा राहिला. तेव्हापासून तिथली आत्या मुलखाचं नाव मोठ्यानं सांगते, आणि सगळं गाव तिच्या मागून म्हणतं. केतकी पाहुणी राहिली नाही, कारळवनाचीच झाली. सगळी सुखानं नांदली. आता तुम्ही मिटा डोळे.